टँक कंटेनरखाली पुन्हापुन्हा दिसणारी ओल: व्हॉल्व्ह बदलूनही गळती का थांबत नाही

तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. सपाट वाघिणीवर लादलेला २० फुटी टँक कंटेनर (चौकटीत बसवलेली, उचलून नेता येणारी टाकी) मधल्या एखाद्या यार्डात तपासणीसाठी थांबतो, उतरवणीच्या व्हॉल्व्हखाली ओल दिसते, वाघीण रेकमधून (जोडलेल्या वाघिणींच्या रांगेतून) वेगळी काढली जाते आणि कंटेनर क्रेनने उतरवून डेपोत पाठवला जातो. तिथे व्हॉल्व्हचे सील बदलतात, हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासतात, बुडबुडे येत नाहीत, म्हणून कंटेनर पुन्हा कामाला लागतो. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या खेपेला त्याच टोकाला तीच ओल पुन्हा हजर असते. दोन-तीन वेळा असे झाले की भरणारा कंटेनरमालकाला दोष देतो, कंटेनरमालक शंटिंगच्या (वाघिणी जोडण्या-तोडण्याच्या) धक्क्यांकडे बोट दाखवतो आणि रेल्वेचे लोक 'आम्ही फक्त वाहतो' असे म्हणून मोकळे होतात.

कायमची टाकी असलेल्या टाकी-वाघिणीत हा गुंता निम्माच असतो, कारण तिथे टाकी आणि चाके एकमेकांना कधी सोडत नाहीत. टँक कंटेनर मात्र प्रत्येक खेपेला नव्या वाघिणीवर बसतो, मधला प्रवास ट्रेलरवर करतो, कधी जहाजावरही चढतो, आणि त्याला हात लावणारे लोकही दर टप्प्याला बदलतात. त्यामुळे दोष एका जागी असतो, तो दिसतो दुसऱ्या जागी आणि दुरुस्ती होते तिसऱ्याच जागी. या लेखात मी व्हॉल्व्ह कसा बदलावा हे सांगणार नाही, कारण ते काम डेपोतल्या माणसाला माझ्याहून चांगले येते. द्रव नेमका कुठून निघतो हे ठरवल्याशिवाय कोणत्याही सीलला हात लावू नये, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते ठरवायचे कसे हा या लेखाचा विषय आहे.

आधी जिवाची काळजी

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर वाघीण उभी असेल तर कंटेनरच्या शिडीवर पाऊलही ठेवू नये. अनेक रेल्वेमार्गांवर वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, आणि एवढ्या दाबाच्या तारेला स्पर्श न करताही, केवळ तिच्या फार जवळ गेल्याने माणूस भाजून मरू शकतो. वरचे झाकण पाहायचेच असेल तर वाघीण बिनतारेच्या रुळावर न्यावी, किंवा अधिकृत व्यक्तीने त्या भागाचा प्रवाह बंद करून तार जमिनीला जोडल्याचे लेखी कळवेपर्यंत थांबावे. मी अनुभवी माणसांनाही 'फक्त एक नजर टाकतो' म्हणत शिडीकडे जाताना पाहिले आहे, म्हणून हे सर्वांत आधी लिहिले.

दुसरी गोष्ट मालाची. कंटेनरवरच्या नारिंगी पाटीवरचा चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक वाचावा, त्या मालाचे सुरक्षा-पत्रक मागवावे आणि ते वाचून होईपर्यंत थेंबाला बोट लावू नये, त्याचा वासही घेऊ नये. कॉस्टिक सोड्याचे दाट द्रावण पाण्यासारखेच दिसते आणि बोटाला साबणासारखे बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपलीच कातडी विरघळू लागल्याची खूण असते.

पहिला प्रश्न: हा माल आहे की पाणी?

हा प्रश्न इतका साधा आहे की तो बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. कंटेनरखाली पाणी येण्याच्या तीन वाटा मला वारंवार आढळल्या आहेत. पहिली वाट पावसाची. टाकीच्या माथ्यावर झाकण आणि सेफ्टी व्हॉल्व्हभोवती एक उथळ पेटी असते, तिला स्पिल बॉक्स म्हणतात. तिच्यात साचलेले पाणी खाली सोडण्यासाठी बारीक नळ्या असतात, आणि त्या टाकीच्या बाहेरच्या आवरणाच्या कडेने किंवा आतून उतरून तळाशी उघडतात. कित्येक कंटेनरांत अशा एका नळीचे तोंड उतरवणीच्या व्हॉल्व्हपासून जेमतेम वीतभर अंतरावर येते. पाऊस थांबल्यावरही पेटीत अडकलेले पाणी तासन्‌तास ठिबकत राहते, आणि खालून पाहणाऱ्याला व्हॉल्व्ह गळतो आहे असेच वाटते.

दुसरी वाट वाफेची. घट्ट होणारा किंवा थंडीत गोठणारा माल गरम करण्यासाठी टाकीच्या पोटाला बाहेरून वाफेच्या नळ्या जोडलेल्या असतात. गरम करून झाल्यावर त्यांत उरलेले पाणी निथळू दिले नाही, तर ते पुढे दोन-दोन दिवस धक्क्याधक्क्याने बाहेर येते. तिसरी वाट दवाची. थंड माल भरून कंटेनर दमट हवेत आला की उघड्या धातूवर दव धरते. दवाची ओळख सोपी आहे: ते एका जागी ठिबकत नाही, आवरणाने न झाकलेल्या सगळ्या थंड धातूवर सारखेच पसरते.

आम्ल किंवा अल्कली असेल तर लिटमस किंवा पीएच कागदाचा तुकडा चिमट्यात धरून थेंबाला लावला की अर्ध्या मिनिटात निकाल मिळतो. इतर मालासाठी भरणाऱ्याकडून सोपी ओळखचाचणी विचारून घ्यावी. पाणी निघाले तरी कोठून आले याची नोंद करावी, कारण नोंद न केलेले पाणी पुढच्या यार्डात पुन्हा गळती ठरते आणि वाघीण पुन्हा एकदा बाजूला काढली जाते. वाफेच्या नळीतून मात्र पाण्याऐवजी माल येत असेल, तर तो किरकोळ दोष नाही. त्याचा अर्थ नळीखालच्या टाकीच्या पत्र्याला बारीक भोक किंवा तडा पडला आहे. अशा कंटेनरने पुढे एक किलोमीटरही जाऊ नये.

दुसरा प्रश्न: थेंब नेमका कुठे जन्मतो?

थेंब जिथे पडतो ती जागा आणि तो जिथे तयार होतो ती जागा क्वचितच एक असते. वाघिणीचा तळ सपाट पत्र्याचा असेल तर द्रव त्यावरून वाहत जातो, आणि रूळ वळणावर असल्यामुळे वाघीण एका अंगाला कललेली असेल तर तो पार पलीकडच्या कंटेनरच्या कोपऱ्याखाली जाऊन टपकतो. एकाच वाघिणीवर शेजारी शेजारी दोन २० फुटी कंटेनर असताना चुकीचा कंटेनर उतरवलेला मी पाहिला आहे. उतरवून झाल्यावर वाघिणीवर राहिलेल्या कंटेनरखाली ओल वाढत होती, पण तोवर क्रेन निघून गेली होती.

म्हणून आधी सगळे पुसून कोरडे करावे. मालाला चालणाऱ्या शोषक कापडाने व्हॉल्व्हची टोपी, फ्लँजांचे (बोल्टने जोडलेल्या कडांचे) सांधे, नळ्यांची तोंडे आणि चौकटीचा खालचा भाग कोरडा करावा, मग संशयाच्या प्रत्येक जागेखाली पांढऱ्या कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा वेगळा तुकडा ठेवावा आणि प्रत्येकावर जागेचे नाव व वेळ लिहावी. धातूवर खडूची कोरडी पूड हलकेच चोळली तर पहिला ओला पट्टा कोणत्या सांध्यापासून सुरू होतो हे लगेच उमटते. अर्धा तास थांबण्याचा धीर या कामात कोणत्याही पान्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

थेंबांचा वेगही मोजावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरहून थोडा अधिक माल. एवढी घट वाघिणीच्या वजनकाट्यावर कळत नाही, त्यामुळे 'वजन बरोबर भरले, म्हणजे गळती नाही' हा युक्तिवाद मान्य करू नये. वेगाबरोबर दिवसाची वेळही लिहावी. ती का लिहायची, हे पुढे येईल.

दुपारी ठिबकते, रात्री थांबते

खालून उतरवणी होणाऱ्या टाकीत माल आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये एकापाठोपाठ एक तीन अडसर असतात: टाकीच्या आत बसणारा फूट व्हॉल्व्ह, त्याच्या बाहेर बटरफ्लाय किंवा बॉल व्हॉल्व्ह आणि शेवटी आट्यांची टोपी किंवा फ्लँजचे झाकण. तीन अडसर असताना माल बाहेर येतो म्हणजे तिन्ही निकामी झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. प्रत्यक्षात बरेचदा दोष असतो तो पहिल्या दोघांच्या मधल्या जागेत अडकलेल्या मालाचा.

माल खालून भरला किंवा भरल्यावर नमुना घेतला, की फूट व्हॉल्व्ह आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह यांच्यामधली छोटी जागा काठोकाठ भरलेली राहते. दोन्ही बंद केले की त्या द्रवाला फुगायला हवेचा कोपराही उरत नाही. बंदिस्त द्रव तापला की त्याचा दाब फार झपाट्याने चढतो, एका अंशाच्या वाढीनेही तो काही बारने वाढू शकतो. दुपारच्या उन्हात तो दाब बटरफ्लायच्या मऊ बैठकीतून (व्हॉल्व्हचे पाते जिथे टेकते त्या कडेतून) वाट काढतो, टोपीमागे साचतो आणि टोपीचे गॅस्केट (सांध्यातली मऊ चकती) जुने असेल तर बाहेर येतो. रात्री धातू थंड झाला की सगळे शांत होते. सकाळी डेपोत पोहोचलेल्या कंटेनरमध्ये काहीच सापडत नाही, ते यामुळेच.

यावरचा उपाय सील बदलण्यात नाही, तर भरण्याच्या क्रमात आहे. भरण झाल्यावर आधी फूट व्हॉल्व्ह बंद करावा, मग बटरफ्लाय उघडा ठेवून मधली जागा योग्य भांड्यात पूर्ण निथळू द्यावी, आणि त्यानंतरच बटरफ्लाय व टोपी लावावी. निथळणे थांबतच नसेल तर फूट व्हॉल्व्हच खरा गुन्हेगार आहे. त्याच्या बैठकीवर मालाचे स्फटिक, आधीच्या मालाचा चिकट थर किंवा झाकणाच्या जुन्या गॅस्केटचा तुकडा बसलेला असतो. ही परीक्षा भरणाच्या जागी, माल परत घेण्याची सोय असतानाच करता येते. यार्डात, भरल्या वाघिणीवर, 'एकदा उघडझाप करून बघू' हा प्रयोग कोणी करू नये, कारण बैठकीत अडकलेला खडा हलला तर तो अर्धवट उघडा राहील आणि मग उरतात दोनच अडसर.

ज्याला पुढे टोपी उघडायची आहे त्यानेही हे लक्षात ठेवावे. टोपीमागे दाब साचलेला असू शकतो, म्हणून ती सावकाश सैल करावी आणि चेहरा टोपीच्या रेषेत कधीही ठेवू नये.

माझ्यासमोरचे प्रकरण: ओल खाली, दोष वर

आता ज्या प्रकरणामुळे मी ही पद्धत लिहून काढली ते सांगतो. २४,००० लिटरचा एक कंटेनर ५० टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण घेऊन ठरावीक मार्गावर फिरत होता. तीन खेपांत तीन वेळा उतरवणीच्या टोकाला ओल दिसली, आणि तिन्ही वेळा डेपोने खालच्या व्हॉल्व्हची सीले बदलून दाबाची चाचणी घेतली. चौथ्या खेपेला मला पाठवण्यात आले. खाली वाकल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की व्हॉल्व्हची टोपी स्वच्छ होती. पांढरी, ठिसूळ पापडी होती ती तिच्या शेजारी, स्पिल बॉक्सच्या नळीच्या तोंडावर. कॉस्टिक हवेतला कर्बवायू शोषून पांढरा सोडियम कार्बोनेट बनवते. म्हणजे ती पापडी गळतीने स्वतःच केलेली सही होती, आणि ती व्हॉल्व्हवर नव्हती.

वाघीण बिनतारेच्या रुळावर नेल्यावर मी वर चढलो. स्पिल बॉक्सच्या तळाशी तशीच पापडी पसरलेली होती, आणि ती झाकणाच्या कडेला एका स्विंग बोल्टजवळ (झाकण आवळणाऱ्या, बाजूला वळणाऱ्या बोल्टजवळ) सर्वांत जाड होती. झाकणाचे गॅस्केट नवे होते. त्या बोल्टची नट पाना लावताच घट्ट वाटली, पण बाजूच्या नटांच्या तुलनेत ती दोन आटे वर होती. स्टेनलेस स्टीलचे आटे कोरडे फिरवले की एकमेकांना धरतात. पाना अडतो, हाताला घट्टपणा जाणवतो, मात्र झाकण दाबले जात नाही. त्या एका बोल्टखाली गॅस्केट जवळजवळ मोकळे होते.

मग डेपोच्या चाचणीत हे का सापडले नाही? पहिले कारण असे की तक्रारीत 'खालचा व्हॉल्व्ह' लिहिले होते, म्हणून साबणाचे पाणी फक्त खालीच लावले गेले. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. हा माल वरून भरला जात होता, म्हणजे डेपोच्या चाचणीनंतर झाकण भरणाच्या जागी पुन्हा उघडले जात होते आणि घाईने पुन्हा आवळले जात होते. डेपोचे प्रमाणपत्र ज्या झाकणाविषयी बोलत होते ते झाकण, त्या अर्थाने, रुळावर कधी आलेच नव्हते.

तरीही एक कोडे उरले होते. टाकी स्थिर असताना माल झाकणापासून बराच खाली असतो. तो झाकणापर्यंत पोहोचला कसा? उत्तर भरणाच्या कागदात होते. त्या मार्गावर कंटेनरचे एकूण वजन ३०,४८० किलोपर्यंत मर्यादित होते. रिकाम्या कंटेनरचे सुमारे ३,९०० किलो वजा केले, की मालासाठी २६,५८० किलो उरतात. ५० टक्के कॉस्टिकची घनता २० अंशांना लिटरमागे सुमारे १.५२५ किलो असते, म्हणजे माल झाला सुमारे १७,४०० लिटर. २४,००० लिटरच्या टाकीत हे भरण ७३ टक्क्यांच्याही आत राहते. आडव्या टाकीत त्यावर सुमारे पाऊण मीटर रिकामी जागा आणि सहा मीटरच्या आसपास मोकळी धाव मिळते. वाघिणीला शंटिंगमध्ये धक्का बसला की २६ टनांहून अधिक द्रव एका टोकाकडे धावतो, तिथल्या गोल तबकडीवर आपटून वर चढतो आणि छताला चाटत परत येतो. झाकण त्या वाटेवरच असते.

धोकादायक द्रवांच्या वाहतुकीच्या नियमांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. टाकीत लाटा अडवणारे पडदे नसतील किंवा ती ७,५०० लिटरपर्यंतच्या कप्प्यांत विभागलेली नसेल, तर कमी चिकट द्रव एकतर २० टक्क्यांपर्यंत किंवा ८० टक्क्यांपासून पुढे भरलेला असावा. मधल्या पट्ट्यात टाकी वाहतुकीला द्यायची नसते. भरणाऱ्याने वजन काटेकोर पाळले होते, पण टक्केवारीचा भागाकार कोणी केलाच नव्हता. मला यात कोणाचा हेतू वाईट दिसला नाही. मात्र तीन वेळा सील बदलण्याचा खर्च करणाऱ्यांपैकी एकानेही भरणाची पावती मागितली नव्हती, याचे नवल अजूनही वाटते.

उपाय दोन झाले. तो बोल्ट बदलला गेला, आणि झाकण आवळण्याची पद्धत ठरवून दिली: समोरासमोरचे बोल्ट जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळायचे, पान्याला पाइपचा तुकडा जोडून जोर लावायचा नाही, आणि भरण झाल्यावर थोडा हवेचा दाब देऊन झाकणाच्या पूर्ण कडेला साबणाचे पाणी लावायचे. दुसरा उपाय म्हणजे या मालासाठी टाकीच बदलली. २१,००० लिटरच्या टाकीत तोच १७,४०० लिटर माल सुमारे ८३ टक्के होतो. उलट दिशेची मर्यादाही विसरू नये. कॉस्टिकसारख्या क्षरणकारी मालाला फुगण्यासाठी जागा ठेवावी लागते, आणि ती किती ठेवायची याचे सूत्र मालाच्या प्रसरण गुणांकावर चालते. मोठी टाकी नेहमी सुरक्षित असते या समजुतीने बऱ्याच जणांची फसगत होते. जड मालासाठी टाकी लहानच हवी.

वाघिणीकडेही पाहावे

सगळा दोष टाकीवर टाकून वाघिणीला सोडून देणेही बरोबर नाही. कंटेनरविषयीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात रेल्वेवरील लांबीच्या दिशेतल्या धक्क्यासाठी २ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट त्वरण, गृहीत धरलेले आहे. चौकट तेवढे सोसण्यासाठी बांधलेली असते. पण कोपऱ्याच्या कास्टिंगमध्ये (भोके असलेल्या ओतीव ठोकळ्यात) बसणारी वाघिणीवरची खुंटी झिजलेली असेल, किंवा ट्विस्ट लॉक (कोपऱ्यात फिरवून लावायचे कुलूप) पूर्ण फिरलेले नसेल, तर प्रत्येक धक्क्याला कंटेनर आधी थोडा सरकतो आणि मग थांबतो. सलग धक्क्यापेक्षा हा झटका वाईट, कारण तो प्रत्येक बोल्ट आणि फ्लँजपर्यंत पोहोचतो. याची खूण डोळ्यांना दिसते: कास्टिंगच्या भोकाच्या एकाच बाजूला रंग उडून धातू चकाकत असतो आणि त्याच्याखाली वाघिणीवर बारीक लोखंडी कीस पडलेला असतो. घडी पडणाऱ्या खुंट्या असलेल्या वाघिणीवर, न लागणारी खुंटी खाली पाडलेली आहे ना, हेही पाहावे. मोठ्या आकाराच्या, चौकटीबाहेर टोके काढणाऱ्या टाक्यांत अशी उभी राहिलेली खुंटी तळाच्या नळीला घासू शकते.

उतरणीवरून वाघिणी सोडून वर्गीकरण करणाऱ्या यार्डातून जाणाऱ्या द्रव मालासाठी ती पद्धत टाळण्याची मागणी लेखी करावी. तोंडी सांगितलेले पुढच्या पाळीपर्यंत टिकत नाही.

कोणाच्या मागे दोष फिरतो?

गळती पुन्हापुन्हा होत असेल तर एका खेपेच्या निरीक्षणाने भागत नाही. एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक खेपेला कंटेनर क्रमांक, वाघीण क्रमांक, भरणाची जागा, मालाची घनता, भरलेले लिटर, टक्केवारी, पाऊस होता की नाही, ओल दिसली ती जागा आणि वेळ एवढे लिहावे. चार-पाच खेपांनंतर वही स्वतःच बोलू लागते. ओल कंटेनरच्या मागे फिरत असेल, तर सील, बोल्ट, नळी किंवा पत्रा पाहावा. ती वाघिणीच्या मागे फिरत असेल, तर खुंट्या आणि धक्का शोषणारी यंत्रणा पाहावी. आणि कंटेनर व वाघीण दोन्ही बदलूनही ती एकाच भरणाच्या जागेच्या मागे येत असेल, तर दोष भरण्याच्या पद्धतीत आहे. माझ्या अनुभवात ही तिसरी शक्यता सर्वांत जास्त वेळा खरी ठरते आणि सर्वांत शेवटी तपासली जाते.

वहीत एक रकाना आवरणासाठीही असावा. झाकणाजवळून झिरपलेला माल कधीकधी नळीऐवजी उष्णतारोधक थरात शिरतो, आत पसरतो आणि कित्येक दिवसांनी पोटाखालच्या शिवणीतून बाहेर येतो. अशा वेळी थेंब आजचा असतो, पण माल मागच्या खेपेचा असू शकतो. म्हणून आजच्या मालाची चाचणी न जुळणारा द्रव सापडला तर गोंधळून न जाता आधीचा माल कोणता होता ते पाहावे. भिजलेला थर तसाच ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्यात क्लोराइड असतील तर उष्णतेत स्टेनलेस स्टीलला ताणाखाली बारीक तडे जातात, आणि ते आवरणाखाली कोणालाच दिसत नाहीत. तेवढा भाग उघडून, सुकवून, पत्रा तपासूनच पुन्हा बंद करावा. पत्र्याला वेल्डिंग लागलेच, तर अधिकृत तपासनिसाकडून पुन्हा चाचणी झाल्याशिवाय टाकी भरता येत नाही. दर पाच वर्षांची आणि मधली अडीच वर्षांची चाचणी अजून दूर आहे, हे कारण तिथे चालत नाही.

ओल पावसाची ठरली तरी स्पिल बॉक्सच्या नळ्या तेवढ्यावर सोडू नयेत. धुळीने त्या तुंबल्या की झाकणाभोवती पाणी उभे राहते, आणि गरम भरलेला माल थंड होताना टाकीत निर्वात होऊन तेच पाणी सैल झाकणातून किंवा निर्वात-व्हॉल्व्हमधून आत ओढले जाते. मग तक्रार गळतीची राहत नाही, मालात पाणी आल्याची होते, आणि ती सोडवणे फार महाग पडते. नळीतून बारीक तार घालून वरून पाणी ओतावे. ते खाली मोकळे पडले पाहिजे.

दुरुस्ती झाली असे समजून वही बंद करण्याआधी पुढच्या तीन खेपांना एकच काम करावे. निघताना नळीची तोंडे, वाफेच्या नळीचे टोक आणि उतरवणीची टोपी पुसून कोरडी करावीत, प्रत्येकावर खडूची पूड चोळावी, छायाचित्र घ्यावे, आणि पोहोचल्यावर त्याच जागांचे छायाचित्र पुन्हा मागवावे. वर सांगितलेल्या कंटेनरच्या पहिल्या खेपेत नळीच्या तोंडावरची पूड ओली होऊन वाळली होती, पण पीएच कागदाचा रंग बदलला नाही. वाटेत पाऊस लागला होता. पुढच्या दोन्ही खेपांत पूड जशीच्या तशी होती.